फळ्यावरचं वहीत उतरत नाही

प्रश्न : मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझा मुलगा सीनियर केजीत होता. पहिली-दुसरी जवळजवळ सगळी मोबाइलवरच झाली. आता तो तिसरीत आहे आणि जून २०२२ पासून शाळा रोज भरते. पण फळ्यावरचं अर्धंमुर्धं उतरवतो, तास चालू असताना उठून फिरतो, शेजारच्याचा खोडरबर ओढतो, कोणी काही बोललं की हात उचलतो. घरी मी शेजारी बसले की सगळं येतं. क्लास लावू, की पुन्हा दुसरीत बसवू?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, ‘मी शेजारी बसले की सगळं येतं’ या तुमच्या वाक्याखाली मी रेघ मारून ठेवली आहे. दोन वर्षं मोबाइलसमोर मूल एकटं नव्हतंच. गॅस बारीक करून आलेली आई शेजारी, माइक बंद आणि उत्तर कानात. जुलै २०२१ मध्ये मागच्या इयत्तेची उजळणी करून घेणारा ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला, तेव्हा कित्येक घरांत तो कोणी सोडवला हे आपण दोघीही जाणतो. दुसरं काय करणार होतात? पण आता वर्गात ती आई नाही.

ठाण्यात पहिली-दुसरीला शिकवण्यातच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून फळ्याचं जरा सविस्तर सांगते. फळ्यावर बघायचं, शब्द डोक्यात धरायचा, मान खाली घालून लिहायचा, पुन्हा वर बघून नेमकी तीच जागा शोधायची. मुलं हे पहिलीत रोज करून शिकतात. तुमच्या मुलासमोर मोबाइल वहीला टेकून होता. आता तो ‘बाजारात’ लिहिताना ‘बा’साठी वर बघतो, ‘जा’साठी पुन्हा वर बघतो, तोवर ओळ हरवते आणि बाई फळा पुसतात. ‘लक्ष नाही’ हा शेरा मग ठरलेलाच.

आधी डोळे तपासून घ्या. चष्मा लागला असेल तर बाकी सगळी चर्चा फुकट. डोळे ठीक असतील, तर जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत ‘आज बाजारात पापलेट महाग होतं’ असं काहीतरी लिहून समोरच्या भिंतीला लावा. त्याने एक शब्द वाचायचा, न बघता म्हणायचा आणि मगच लिहायचा. तुम्ही तेव्हा स्वयंपाकघरात. चुकलं तर चुकू दे. अक्षरं ओळखून वाचतानाच अडखळत असेल आणि दिवाळीपर्यंत फरक पडला नाही, तर मात्र तज्ज्ञांना दाखवा.

अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या सरकारी शाळांची पाहणी केली. दुसरी ते सहावीतली ९२ टक्के मुलं आदल्या वर्षीचं भाषेतलं किमान एक कौशल्य विसरली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. तुमचा मुलगा तर काही विसरलेलाही नाही, त्याच्यावर फळ्यावरचं उतरवायला शिकायची वेळच आली नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये शाळा उघडल्या म्हणेपर्यंत जानेवारीत पुन्हा बंद!

दुसरीत बसवायचा विचार सोडा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिसरीच्या मुलाला मागे ठेवता येत नाही, आणि जेमतेम ओळख झालेली मुलंही तुटतील. क्लासही एवढ्यात नको. तिथल्या बाई त्याच्या शेजारी बसणार, म्हणजे पैसे मोजून दुसरी आई आणल्यासारखं होईल.

त्यापेक्षा संध्याकाळी सोसायटीच्या आवारात सोडा. विषामृत, लगोरी, काहीही. तिथे राज्य आलं की घ्यावंच लागतं, रडीचा डाव खेळणाऱ्याला पोरं बाहेर काढतात. मारामाऱ्या होतील, रक्त निघालं नाही तर खिडकीतून ओरडू नका. आणि भांडण नको म्हणून दप्तरात दोन-दोन खोडरबर भरून देऊ नका. एकच द्या, मागायला शिकू दे.

वर्गशिक्षिकेला भेटाल तेव्हा तीन गोष्टी मागा : पुढचा बाक, फळा पुसण्याआधी त्याच्या वहीवर एक नजर, आणि तासाच्या मध्यावर वह्या वाटायचं काम. उठायचंच आहे त्याला, तर कामासाठी उठू दे.