कॉलममधला सर्वांत लांब मजकूर शोधताना

रुबी ही प्रोग्रामिंग भाषा शिकता शिकता डेटाबेसला हात घातलास, छान केलंस! सुरुवातीला बहुतेक जण टेबलमधल्या सगळ्या रो (ओळी) रुबीत ओढून लूपमध्ये लांबी मोजतात. तसं करू नकोस. मोजायचं काम डेटाबेसलाच दे, रुबीत फक्त उत्तराचा आकडा येऊ दे.

दोन गोष्टींची गल्लत टाळ:

- रेल्समध्ये (रुबीचं वेब फ्रेमवर्क) कॉलमचं ‘लिमिट’ म्हणजे ठरवलेली मर्यादा. आत खरंच किती लांब मजकूर आहे ते मजकुराच्या लांबीवर ‘मॅक्सिमम’ लावून काढायचं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये लिमिट ‘निल’ (काहीच नाही) आलं तर घाबरू नकोस, मर्यादा घातलेलीच नसते.
- मायएसक्यूएल या डेटाबेसचं ‘लेंग्थ’ बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) ‘मराठी’ म्हणजे काना-वेलांटी वेगळे धरून ५ कॅरेक्टर, पण १५ बाइट! कॅरेक्टर हवे असतील तर ‘कॅर लेंग्थ’ वापर. याच फरकापायी मी एकदा कॉलम उगाच तिप्पट केला होता.

इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची), कोलेशन (मजकुराची तुलना आणि क्रम लावायचे नियम) सध्या राहू दे. आधी एकाच टेबलवर करून बघ. अडलं तर क्वेरी दाखव.