नव्या गाडीचा रंग: घासायचा, रंगवायचा की तसाच ठेवायचा?

दसरा-दिवाळी उलटली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी मायलेज आणि टायर, नोव्हेंबरात नुसता रंग. मुहूर्तावर गाडी घेताना माणूस नारळ बघतो, पेढे बघतो, हार घातलेल्या बॉनेटपाशी फोटोला उभा राहतो. रंग नीट बघितला जातो तो पहिल्या रविवारी, बादली-फडकं घेऊन गाडी धुताना. मी पिंपरी-चिंचवडकडच्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा तपासणीच्या लाइनवर. आता भाच्याच्या गॅरेजमध्ये बसतो, म्हणजे त्याच्या चुका काढतो. या वेळची चार पत्रं घेतली आहेत.

काका, दसऱ्याला मेटॅलिक ग्रे रंगाची नवी गाडी घेतली. चार दिवसांनी धुतली तेव्हा बॉनेटवर राजगिऱ्याच्या दाण्याएवढे तीन उंचवटे दिसले. डाव्या मागच्या दारावर खालच्या बाजूला एक ओघळ आहे. पुढचा बंपरही बॉडीपेक्षा किंचित गडद वाटतो. शोरूमवाले म्हणतात, "बॉनेट, दार, बंपर तिन्ही फुकट रंगवून देतो, दोन दिवसांत गाडी घेऊन जा." रंगवून घेऊ का? – एक वाचक, सातारा

नका घेऊ. फुकट आहे म्हणून तर मुळीच नका.

तुमच्या दारावर काय काय चढलंय ते आधी ऐका. पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून, विजेचा प्रवाह सोडून चढवलेला ईडी कोट. गंजापासून गाडी वाचवतो तो हाच. त्यावर बहुतेक ठिकाणी सरफेसर, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणारा थर, मग रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर क्लिअर, म्हणजे चमक देणारा पारदर्शक थर. ईडी कोट भट्टीत १७० अंशांच्या आसपास भाजतात, क्लिअर १४०च्या आसपास. त्या वेळी बॉडीत वायरिंग नसतं, सीट नसते, काच नसते, म्हणून एवढी आच चालते. शोरूमच्या बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीत, तयार गाडी उभी असते. तिला साठ-सत्तर अंशांपलीकडे तापवायची सोय नाही, म्हणून तिथला रंग हार्डनर मिसळून सुकवतात. तो रंग वाईट असतो असं मी म्हणणार नाही, भाचा जेवायला घालायचा बंद होईल. पण तो एका कारागिराच्या हातावर, त्या दिवशीच्या हवेवर आणि शनिवारी किती गाड्या द्यायच्या आहेत यावर अवलंबून असतो. तीन दाण्यांपायी अख्खं बॉनेट घासून तिथला भट्टीतला रंग घालवायचा, हा सौदा मला पटत नाही.

आता एकेक दोष. बॉनेटवरचे उंचवटे म्हणजे कचरा. लाइनवर आम्ही दाण्याला 'डस्ट' म्हणायचो आणि बारीक धाग्याला 'फायबर'. ओला रंग भट्टीत जाईपर्यंत त्यावर काहीही बसू शकतं. बूथमध्ये सगळे बिनधाग्याच्या सूटमध्ये असतात, तरी थंडीत कुणी आत लोकरीचा स्वेटर घालून आला की त्या पाळीत फायबर वाढायचे. अंगाला सेंट, हाताला क्रीम लावून यायला बंदी होती. त्यातल्या सिलिकॉनचा एक थेंब पुरतो, रंग तिथून बाजूला सरकतो आणि पत्र्यावर माशाच्या डोळ्यासारखा खड्डा राहतो. तुमच्याकडे खड्डे नाहीत, उंचवटे आहेत. हे त्यातल्या त्यात बरं.

गाडी धुऊन सावलीत लावा आणि दाण्यावरून हलकं नख फिरवा. नख अडलं तर कण क्लिअरमध्ये वरच बसला आहे. असा दाणा २००० नंबरच्या पाणकागदाने, बोटाच्या पेराएवढ्या ठोकळ्यावर, फक्त तेवढ्याच जागी उतरवतात आणि मग कंपाउंड, म्हणजे घासून चमकवायची पेस्ट, मारून चमक आणतात. एका दाण्याला अर्धा तासही लागत नाही. नख सरळ गेलं, पण आत ठिपका दिसतोय, तर कण क्लिअरच्या खाली, रंगातच अडकला आहे. त्याला हात लावू नका. कारण क्लिअरची जाडी साधारण ४० मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राच्या पानापेक्षाही बरीच कमी. कागद आणि कंपाउंड मिळून त्यातले काही मायक्रॉन घेऊन जातात, आणि खालच्या कणापर्यंत पोचायचं तर क्लिअर संपवावा लागेल. "सगळं बॉनेट रबिंग करून देतो" याला म्हणूनच सरळ नाही म्हणा. दोन-तीन जागा, त्याही त्यांच्या जुन्या कारागिराच्या हातून आणि तुम्ही समोर उभे असताना.

दारावरच्या ओघळाचं उलट आहे. तिथे क्लिअर जास्त पडून खाली ओघळला आहे, म्हणजे घासायला माल भरपूर. सपाट ठोकळ्यावर कागद लावून तो बसवता येतो. मात्र ओघळात मेटॅलिकची चमक काळपट, ढगाळ दिसत असेल तर ओघळ बेस कोटचा आहे आणि तो घासून जात नाही. दाराच्या खालच्या बाजूला आहे म्हणता. मी असतो तर त्यातून चिखल कसा निथळतो ते बघत बसलो असतो. पण गाडी तुमची.

बंपरवर मात्र भांडू नका. तो प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिकला १४० अंश सोसत नाहीत, म्हणून तो बहुधा वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या रंगाने, कमी तापमानाला भाजला जातो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमची बारीक पापुद्र्यासारखी चकती असते. ती किती आडवी, किती तिरकी बसली यावर रंग उजळ की गडद ते ठरतं. डबा तोच असला तरी रंग फवारायच्या गनचा दाब बदलला की छटा बदलते. ग्रे आणि सिल्व्हरमध्ये हा फरक सर्वांत जास्त उठून दिसतो. दुपारी उन्हात बघा, मग संध्याकाळी सावलीत बघा, समोरून आणि तिरकं बघा. एका कोनातून गडद, दुसऱ्यातून सारखं, असं असेल तर सोडून द्या. सगळीकडून वेगळंच दिसत असेल आणि शेजाऱ्यांनी न सांगता ओळखलं, तर रंगवून नको, कारखान्यातून रंगून आलेला दुसरा बंपर मागा.

काहीही करून घ्या किंवा न घ्या, जॉब कार्डवर तिन्ही दोष लिहून घ्या. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्या जागेवर पाडून तिरका फोटो काढा, प्रतिबिंबाची रेघ जिथे वाकते तिथे दोष स्पष्ट येतो. हे सगळं ईमेलने पाठवा. पुढे त्याच जागी पापुद्रा सुटला तर पहिल्या आठवड्यातला कागद उपयोगी पडेल. आणि हो, याच भेटीत कुणी सिरॅमिक कोटिंगचं पॅकेज पुढे करेल. दोष आत ठेवून वर कोटिंग म्हणजे मेणकापडाखाली झाकलेली डाळ. ती नंतर काढायची तर मेणकापडाचेही पैसे गेले.

नवी पांढरी गाडी घेतली. मित्राकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे. सगळीकडे १०५ ते १२५ मायक्रॉन, पण उजव्या मागच्या दारावर २४० ते ३१०. शोरूम म्हणतं, "कारखान्यातच असं होतं." खरं आहे का? – एक वाचक, नागपूर

अर्धं खरं आहे, आणि शोरूमला तेवढं अर्धंच सांगायचं असतं.

कारखान्यात दुरुस्ती होते, यात लपवण्यासारखं काही नाही. तपासणीत मोठा दोष सापडला की बॉडी पुन्हा लाइनवर जाते आणि बेस कोट-क्लिअरचा आणखी एक थर चढतो. त्याने आकडा पन्नास-साठ मायक्रॉनने वाढतो आणि साधारण सगळीकडे सारखा वाढतो. तुमच्या एकाच दारावर सत्तर मायक्रॉनची चढउतार आहे. हे कारखान्यातल्या यंत्राचं काम नाही, हे हाताने मारलेल्या गनचं काम आहे. बहुधा ट्रेलरवरून उतरवताना किंवा यार्डात काहीतरी लागलं आणि ते कुणीतरी गुपचूप नीट केलं. ३१०वर थांबलंय म्हणजे पुट्टी भरलेली दिसत नाही, पुट्टी असली की आकडे याच्या कितीतरी वर जातात. पत्रा चेपला नसावा, ओरखडा असावा.

खात्री करायची तर दार उघडा. काचेच्या रबराची कड नखाने उचलून बघा, खाली टेपची सरळ रेघ किंवा रंगाची पायरी लागते का. बिजागरीच्या बोल्टवरचा रंग डाव्या दाराशी ताडून बघा, फुटला असेल तर दार निघालं होतं. शेजारच्या रबरावर रंगाची खरखर आहे का तेही बघा. एवढं मात्र ध्यानात असू द्या, मित्राचं साधं यंत्र फक्त धातूवर चालतं. प्लॅस्टिकच्या बंपरवर ते काही दाखवणार नाही, तिथे घोळ काढत बसू नका.

साताऱ्याच्या वाचकांना मी "सोडा" म्हटलं, तुम्हाला म्हणणार नाही. तिथला दोष समोर दिसत होता. इथे दुरुस्त केलेलं दार नवं म्हणून विकलं. डिलरला लेखी विचारा: या चेसिस नंबरची डिलिव्हरीपूर्व तपासणीची शीट द्या, आणि गाडी माझ्याकडे येण्याआधी हिच्यावर कुठलं जॉब कार्ड उघडलं होतं का ते सांगा. प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्ह्यातच चालते. पाच ते दहा लाखांच्या गाडीला फी २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४००. वकील हवाच असं नाही.

मागायचं काय? दार पुन्हा रंगवून मागू नका, तिसऱ्यांदा रंगवलेलं दार घेऊन काय करणार? किमतीतली ठोस सूट आणि त्या दाराच्या रंगाची वाढीव लेखी हमी मागा. गाडी बदलून मागायचा हक्क वाटत असेल तर मागा, पण एका दारासाठी ती मिळेल या आशेवर सूट हातची घालवू नका.

आमच्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये नव्या गाडीच्या टपावर पांढरे थेंब आणि ओघळ पडलेत, धुऊन जात नाहीत. शोरूम म्हणतं वॉरंटीत बसत नाही. शिवाय पूजेच्या हळदीचा पिवळा डाग पांढऱ्या बॉनेटवर राहिलाय. – एक वाचक, ठाणे

ताई, या वेळी शोरूम बरोबर आहे, वाईट वाटलं तरी. वरच्या स्लॅबमधून झिरपणारं पाणी सिमेंटमधला चुना घेऊन खाली येतं. थेंब सुकला की चुना उरतो, आणि तो क्लिअरला हळूहळू खातो. सुक्या फडक्याने खरवडलंत तर ओरखडे वरून फुकट.

गाडी सावलीत थंड होऊ द्या. स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, त्यात मऊ कापड भिजवून डागावर पाच-सात मिनिटं नुसतं ठेवा. घासायचं नाही. मग भरपूर पाणी. दोन-तीनदा करावं लागेल. चुना गेल्यावर कड्यासारखी खूण राहिली तर ती क्लिअरमध्ये उतरली आहे. हलक्या पॉलिशने जाईल तेवढी जाईल. कापडी कव्हर घालून भागणार नाही, तेच पाणी त्यातून झिरपतं आणि ओलं कव्हर रंगाला चिकटून बसतं. जागा बदलून घ्या, नाहीतर गळतीखाली पत्र्याची पन्हळ लावून घ्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वॉटरप्रूफिंगचा विषय काढायचा सल्ला मी देत नाही, मी फक्त रंगातलं जाणतो.

हळदीची काळजी सोडा. गाडी चार-सहा दिवस उन्हात लावा, हळदीचा रंग उन्हाने आपोआप उडतो. कुंकवाचं तसं नाही. बाजारातल्या स्वस्त कुंकवात कसला रंग असतो कोण जाणे, ते पूजा झाली की त्याच दिवशी पाण्याने धुवावं, बोटाने पुसू नये. त्यात खर असते. पुढच्या वेळी स्वस्तिक काचेवर काढा, देवाला चालतं.

काका, वय २२. मॅट ब्लॅक बाइक घेऊन दीड महिना झाला. धुवायला दिली होती, पोराने टाकीवर पॉलिश चोळलं. आता तिथे तळहाताएवढा चकचकीत पट्टा आहे. कंपनीचा रंग खराब निघाला का? – एक वाचक, नांदेड

नाही रे, रंग चांगला होता. मॅट रंगाचा क्लिअर मुद्दाम बारीक खरबरीत ठेवलेला असतो, प्रकाश विखुरला जातो म्हणून तो मंद दिसतो. चोळून चोळून ती खरखर बसली की तिथे चमक येते, आणि बसलेली खरखर कुठलंही औषध परत उभी करत नाही.

पण एक शक्यता आहे. कदाचित खरखर शाबूत असेल आणि तिच्या खाचांत पॉलिशचं मेण भरलं असेल. आधी साध्या शाम्पूने धू. मग केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, निम्मं पाणी घाल, मऊ कापडाने टिपून घे. चोळू नकोस, नाहीतर त्या पोराचंच काम तू पूर्ण करशील. पहिल्यांदा टाकीच्या खालच्या बाजूला, दिसत नाही तिथे करून बघ. मेण असेल तर दोन-तीन वेळांत पट्टा फिका होईल. नाही झाला तर अख्खी टाकी रंगवणं हाच उपाय, कारण मॅटमध्ये अर्धा भाग रंगवून जोड लपवता येत नाही. टाकी रंगवायची वेळ आली तर पैसे देण्याआधी रंगाऱ्याकडून जुन्या पत्र्यावर नमुना मारून घे, आणि वाळल्यावर दुसऱ्या दिवशी बघ. ओला मॅट सगळ्यांचाच सारखा दिसतो.