क्रूझ संपली, आता सांगली गाठायचीय

प्रश्न : मे महिन्यात आम्ही पाच जण सिंगापूरहून क्रूझला जाणार आहोत. पोर्ट क्लांग, फुकेत करून जहाज परत सिंगापूरलाच येतं. शेवटच्या दिवशी ते सकाळी सातला धक्क्याला लागतं, म्हणून जावयांनी साडेअकराचं मुंबईचं विमान बघून ठेवलंय. सासूबाई ७८ वर्षांच्या, गुडघे दुखतात. घरी येताना त्यांची दगदग कशी टाळावी?
— सौ. म. कु., सांगली

उत्तर : ताई, तिकीट अजून काढलं नसेल तर साडेअकराचं विमान सोडाच. जहाज सातला लागतं म्हणजे तुम्ही सातला बाहेर पडता असं नाही. आधी जहाजाला परवानगी मिळते, मग गटागटाने उतरवतात, मग इमिग्रेशनची रांग, मग बॅगांचा शोध. मरीना बे क्रूझ सेंटरहून चांगी विमानतळ मोटारीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, पण वेळ रस्त्यात जात नाही, रांगांत जातो. संध्याकाळचं विमान घ्या. सासूबाईंना सावकाश नाश्ता करून शेवटच्या गटात उतरू द्या.

व्हीलचेअरचं दोन ठिकाणी सांगावं लागतं, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. जहाजावरच्या स्वागतकक्षाला दोन दिवस आधी सांगा आणि विमान कंपनीला तिकीट काढतानाच. जहाजाची खुर्ची टर्मिनलपर्यंतच, विमानतळावरची तिथे पोचल्यावर. मधल्या टप्प्यात त्यांना तुमचाच हात. म्हणून मेट्रोचा विचार नको. साध्या टॅक्सीत चारच जण बसतात, तेव्हा मोठी गाडी आधी ठरवून ठेवा.

आदल्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून खोलीबाहेर ठेवायच्या असतात. त्या सकाळपर्यंत हाती येत नाहीत. पासपोर्ट, सासूबाईंची औषधं, चष्मा, सकाळचे कपडे आणि चपला हातातल्या पिशवीत हव्यातच. पॉवर बँकही विमानात हातसामानातच चालते. याउलट जहाजावर घेतलेलं अत्तर किंवा बाटली मोठ्या बॅगेत भरा. जहाजावर सामान कोणी तोलत नाही, विमानात तोलतात!

सिंगापूरला तुम्ही दोनदा शिरणार आहात. व्हिसावर एकापेक्षा जास्त प्रवेशांची मुभा आहे ना ते तपासा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड परतताना पुन्हा भरायचं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका.

फुकेतचं घड्याळ सिंगापूरपेक्षा तासभर मागे असतं. शेवटच्या सकाळी मोबाइल कोणती वेळ दाखवतोय ते बघा.

दुपार ज्युएल या मॉलमध्ये काढा. चांगीच्या पहिल्या टर्मिनलला लागूनच आहे, चाळीस मीटरचा धबधबा बसल्या जागी दिसतो आणि सामान ठेवायची सोय आहे.

रात्री मुंबईत उतरल्यावर लगेच सांगलीची गाडी पकडू नका, हे मी कळकळीने सांगते. विमानतळाजवळ मुक्काम करा. जहाजावरून उतरल्यावर एक-दोन दिवस जमीन हलतेय असं वाटू शकतं. सासूबाईंच्या खोलीत आणि न्हाणीघरात रात्रभर दिवा राहू द्या, उठताना कुणीतरी सोबत असा. सकाळी दादरला कोयना एक्सप्रेस धरा. ती सीएसएमटीहून साडेआठ-पावणेनऊला सुटते आणि दिवसाउजेडी प्रवास होतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यात गाड्या भरलेल्या असतात, तेव्हा मार्चमध्येच तिकिटं काढून ठेवा.