‘बाहेर पिण्यापेक्षा घरी पिऊ दे’ : पालकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा, एस.वाय.ला आहे. मित्रांबरोबर लोणावळ्याला गेला की बिअर घेतो, हे त्याने स्वतःच सांगितलं. मिस्टर म्हणतात, चोरून पिण्यापेक्षा माझ्यासमोर घेऊ दे, मर्यादा तरी कळेल. मला पटत नाही, पण नाही म्हटलं तर तो लपवायला लागेल. काय करू? — एक आई, दादर

उत्तर : ताई, मिस्टरांचा हेतू चांगला आहे, पण या उपायाने मर्यादा शिकवली जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1,927 शाळकरी मुलांवर सहा वर्षं लक्ष ठेवलं आणि 2018 मध्ये निष्कर्ष मांडले. आईवडिलांनी दारू दिल्यामुळे मुलांचं रक्षण झाल्याचं कुठेच दिसलं नाही. ज्यांना कुठूनच दारू मिळाली नव्हती, त्यांच्या तुलनेत या मुलांमध्ये एका बैठकीत खूप पिणं आणि त्यातून होणारे त्रास जास्त आढळले. घरी मिळते म्हणून बाहेरून मिळवणंही थांबलं नाही. ती मुलं तुमच्या मुलापेक्षा लहान होती, हे मान्य. पण घरच्या पेल्यातून शिस्त लागते ही समजूत मात्र या अभ्यासापुढे टिकत नाही. ‘फ्रान्समध्ये मुलं जेवताना वाईन घेतात’ असंही मला हमखास ऐकवलं जातं. त्याच फ्रान्सने 2009 मध्ये 18 वर्षांखालच्या मुलांना कोणतीही दारू विकायला बंदी केली.

यात शरीराचाही प्रश्न आहे. मेंदूचा जो भाग ‘आता पुरे’ म्हणतो, तो पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो. म्हणजे ज्या वयात आपण मर्यादा शिकवायला निघतो, त्या वयात ती पाळणारी यंत्रणाच अजून कच्ची असते, आणि दारू नेमकी तिलाच आधी सुस्त करते.

मर्यादा समजावायचीच असेल तर बाटली न उघडता, आकड्यांनी समजवा. ‘बिअर तर आहे’ असं मुलं सहज म्हणतात. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत सुमारे 40 ग्रॅम अल्कोहोल असतं. 30 मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये सुमारे 10. एक बाटली म्हणजे चार पेग झाले. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं, त्यामुळे ही एक बाटली उतरायला चार तासांहून जास्त वेळ लागू शकतो. कॉफीने, लिंबूपाण्याने किंवा थंड पाण्याने अंघोळ केल्याने त्यात फरक पडत नाही. हा हिशेब त्याला कागदावर स्वतः करू द्या.

तुम्हाला लपवालपवीची भीती वाटते, पण त्याने आपणहून सांगितलं आहे. तुमच्या हातात यापेक्षा मोठं काही नाही, ते जपा. त्याला सांगा, ‘घरात मी दारू देणार नाही आणि तू पिऊ नयेस असंच मला वाटतं. पण रात्री दोन वाजता कुठूनही फोन केलास तर मी किंवा बाबा न्यायला येऊ, गाडीत एकही प्रश्न विचारणार नाही.’ आणि तो शब्द पाळा. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. स्पष्ट नकार आणि हा फोनचा शब्द एकाच घरात सुखाने नांदू शकतात. मी अशी घरं पाहिली आहेत.

प्रश्न : मुलीचा विसावा वाढदिवस. मित्रमैत्रिणी घरी येणार, थोडी बिअर ठेवू का? त्यांच्यातली एक सतराची आहे. — एक वडील, मुलुंड

उत्तर : नाही. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. बिअरसाठी वय 21 आणि कडक दारूसाठी 25 पूर्ण हवं. तुमच्या मुलीचंही वय बसत नाही. त्या सतरा वर्षांच्या मुलीची बाब तर फार गंभीर आहे. बालन्याय कायद्याच्या कलम 77 नुसार 18 वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तिच्या आईवडिलांनी तुमच्या भरवशावर तिला पाठवलेलं असणार, हेही विसरू नका. उत्तम जेवण ठेवा, गच्ची मिळवून द्या, गाणी वाजू द्या.

प्रश्न : 31 डिसेंबरला नातू झिंगून आला. सुनेने रागाने दार लावून त्याला खोलीत एकटाच झोपवला. रात्रभर मला झोप नव्हती. — एक आजी, गिरगाव

उत्तर : आजी, तुमची काळजी अगदी रास्त होती. झिंगलेल्या मुलाला एकटं ठेवायचं नाही. उताणा झोपलेला असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. कुशीवर झोपवा आणि शेजारी कुणीतरी बसा. हलवूनही जाग येत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील, अंग गार पडलं असेल, झटका आला असेल, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा. शेजाऱ्यांना कळेल या लाजेपायी थांबू नका. डोकं दुखतंय म्हणून क्रोसिन किंवा झोपेची गोळी देऊ नका. सुनेचा राग मी समजू शकतो. तो दुसऱ्या दिवशी, त्याची उतरल्यावर, जरूर बोलून दाखवावा.

प्रश्न : मी 20 वर्षांचा आहे. बाबा रोज रात्री पितात, आईवर ओरडतात आणि मला सांगतात, दारूला हात लावशील तर याद राख. मी त्यांचं का ऐकू? — कल्याणहून एक विद्यार्थी

उत्तर : मित्रा, तुझा राग खरा आहे. बाबांच्या सांगण्याला त्यांच्याच वागण्याने काही वजन उरलेलं नाही, हे तुला दिसतं आहे. तरीही दारूपासून लांब राहा, आणि ते बाबांसाठी नको. आईवडिलांपैकी कुणी व्यसनी असेल तर मुलांना व्यसन लागण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, आणि त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे. मित्र दोन पेगवर थांबतो म्हणून तूही थांबशील, असं गृहीत धरू नकोस.

बाबांना सुधारण्याची जबाबदारी तुझी नाही. ते पिऊन असताना वाद घालू नकोस. आईवर हात उगारला तर 112 ला फोन कर. व्यसनाधीन माणसाच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन या गटाच्या सभा असतात. बाबा स्वतः तयार नसले तरी तू आणि आई तिथे जाऊ शकता. 14446 या केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर घरच्यांनाही बोलता येतं, कॉल मोफत आहे. पहिला फोन आईला शेजारी बसवून कर.