वाचकांचे प्रश्न : लांबनं पीसीला जोडलं (रिमोट) की अक्षरं बारीक का दिसतात?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. मी संध्याकाळी तासगावला घरी आलो की मोबाईलवरनं दुकानातल्या पीसीला जोडून दिवसभराच्या पट्ट्या (मालाच्या हिशोबाच्या पावत्या) बघतो, पण अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि बोटांनी मोठी केली की निम्मी स्क्रीन बाहेर जाते. ॲपमध्ये फिट, ओरिजिनल साइझ असं काय काय आहे, नक्की कुठलं ठेवू?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : कुठलंही ठेवा, फार फरक पडणार नाही, कारण हे दोन्ही ऑप्शन तुमच्या बाजूचं फक्त चित्र लहानमोठं करतात, दुकानातल्या पीसीची स्क्रीन आहे तशीच राहते. हिशोब बघा. दुकानातला मॉनिटर साधारण २२ इंची, १९२० × १०८० चा (म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके) असेल तर तो रुंदीला जवळपास ४८ सेंटीमीटर भरतो, आणि साडेसहा इंची मोबाईल आडवा धरला तरी त्यात ते चित्र १२ सेंटीमीटरच्या आसपास बसतं (मोबाईल जास्त लांबट असतो म्हणून दोन्ही कडेला काळी पट्टी राहते ती वेगळीच). म्हणजे अक्षर पाव झालं, मग दिसणार कसं? ओरिजिनल साइझ केलं की चित्र लहान होत नाही पण मावेना झालं की सरकवत बसायचं.

खरा इलाज दुकानातल्या पीसीवर आहे. तिथं डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन (म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांचं माप) १२८० × ७२० करा, अक्षरं लगेच दीडपट होतात. किंवा रिझोल्यूशन तसंच ठेवून स्केल (अक्षरं आणि चिन्हं मोठी करायचं सेटिंग) १५० टक्के करा, पण काही जुनी अकाउंटची सॉफ्टवेअर स्केलला दाद देत नाहीत. दुकानातल्या मॉनिटरवर पण सगळं मोठं दिसेल हे दिवाणजींना आधी सांगून ठेवा, चाळीशी लागली असेल तर ते खूषच होतील. क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरत असाल तर त्यात ‘स्केल टू फिट’ आणि ‘रिसाइझ टू फिट’ असे दोन वेगळे ऑप्शन आहेत, पहिला फक्त चित्र आवळतो, दुसरा जमेल तसं पलीकडचं रिझोल्यूशनच बदलायला बघतो. नावं सारखी वाटतात म्हणून लोक गोंधळतात.

विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप घेतलं तर जोडतानाच आपल्याला हवं ते रिझोल्यूशन मागता येतं. पण त्यासाठी दुकानातल्या पीसीवर विंडोज प्रो लागतं, होम असेल तर चालत नाही. आणि तुम्ही आत शिरलात की दुकानातली स्क्रीन लॉक होते, त्यामुळं दिवाणजी पट्टी करत असताना जोडू नका, नाहीतर तिथनं फोन येईल. एनीडेस्कसारख्या ॲपमध्ये तसं होत नाही, दोघांना एकच स्क्रीन दिसते, पण मग तुम्ही बँकेचं खातं उघडलं तर दुकानात उभा असलेला कुणीही ते बघू शकतो, तेव्हा असली कामं रिमोटवर टाळलेलीच बरी.

अक्षर बारीक नाही पण धुरकट दिसत असेल तर स्क्रीनला हात न लावता दोन-चार सेकंद थांबून बघा. आपोआप स्वच्छ झालं तर नेट कमी पडतंय, ॲपमधली क्वालिटी बदलून बघा. तरी तसंच राहिलं तर चित्र आवळल्यामुळं झालंय.

प्रश्न : मी साताऱ्यातनं पुण्याच्या ऑफिसचा पीसी वापरते. माझ्या टेबलावरचा मॉनिटर नवीन आलेल्या मुलाला दिला आणि तेव्हापासनं मला १०२४ × ७६८ ची चौकोनी स्क्रीन दिसते, दुसरं रिझोल्यूशन लिस्टमध्येच येत नाही. लॅपटॉप बिघडलाय का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लॅपटॉप ठणठणीत आहे. मॉनिटर जोडलेला असला की तो पीसीला आपली मापं कळवतो, आता कळवणारं कुणी नाही म्हणून पीसी अंदाजानं जुनं छोटं माप धरून बसलाय. कधीकधी तर नुसती काळी स्क्रीन पण येते. ऑफिसच्या आयटीवाल्यांना एचडीएमआय डमी प्लग लावायला सांगा, अंगठ्याएवढा असतो आणि पीसीला मॉनिटर जोडलाय असं भासवतो. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप चालू करून दिलं तर प्लगची पण गरज नाही, ते आपली वेगळी स्क्रीन तयार करतं, आणि घरी लॅपटॉपला अजून एक मॉनिटर जोडला असेल तर जोडण्याआधी डिस्प्ले टॅबमध्ये सगळे मॉनिटर वापरायची टिक करा म्हणजे दोन्हीवर काम करता येईल.