आपले प्रश्न : नवा हातातला कन्सोल घ्यावा, की जुनाच दुरुस्त करून वापरावा?

प्रश्न : आमच्या घरी २०१९ साली घेतलेला निन्टेन्डो स्विच हा व्हिडिओ गेमचा कन्सोल आहे. मुलगा १४ वर्षांचा आणि मुलगी १० वर्षांची आहे. गेल्या दिवाळीपासून कन्सोलची डावी स्टिक बोट न लावताही आपोआप सरकते आणि शर्यतीत गाडी सारखी एका बाजूला ओढली जाते. मुलांनी ‘स्विच २’ या त्याच्या नव्या आवृत्तीचा धोशा लावला आहे. माझे दीर नोकरीनिमित्त योकोहामाला असतात. पुढच्या महिन्यात ते येणार आहेत आणि तिकडे हा कन्सोल ४९,९८० येनला मिळतो, असे त्यांनी कळवले आहे. इथल्या दुकानदारांनी सांगितलेल्या किमतीपेक्षा ही रक्कम पुष्कळच कमी आहे. यजमानांचे म्हणणे असे, की जुना अजून चालतो आहे तोवर नवा कशाला? आम्ही काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या दिरांना आजच फोन करून सांगावे, की ४९,९८० येनचा तो कन्सोल त्यांनी घेऊ नये. बाकीचा विचार सावकाश करता येईल, पण हे वेळेत कळले नाही तर पैसे अडकून पडतील.

जून २०२५मध्ये स्विच २ बाजारात आला, तेव्हा जपानमध्ये तो दोन प्रकारांत विकायला ठेवला गेला. ४९,९८० येनचा प्रकार केवळ जपानमधल्या ग्राहकांसाठी आहे. त्याच्या मेनूची भाषा जपानीच राहते, ती सेटिंगमध्ये जाऊन बदलता येत नाही, आणि ज्या निन्टेन्डो खात्यावर देश म्हणून जपान नोंदवलेला आहे तेच खाते त्याला जोडता येते. आपल्या मुलांची खाती दुसऱ्या देशाच्या नावावर असतील, तर त्यांवर आजवर घेतलेले डिजिटल खेळ त्या यंत्रावर उतरवता येणार नाहीत. नवे खाते जपानचे काढले तरी अडचण संपत नाही, कारण मार्च २०२५पासून निन्टेन्डोच्या जपानी ऑनलाइन दुकानात परदेशी बँकांची क्रेडिट कार्डे चालत नाहीत. इंग्रजीसह अनेक भाषा असलेला दुसरा प्रकार तिथे ६९,९८० येनला निघाला आणि तो निन्टेन्डोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातूनच विकला गेला. अमेरिकेत हेच यंत्र ४४९.९९ डॉलरला आले. दोन्हींचे रुपये करून पाहिले, तर आकडा चाळीस हजारांच्या आगेमागेच येतो. म्हणजे दिरांनी सांगितलेली स्वस्ताई खरी असली, तरी ती आपल्या उपयोगाची नाही.

अनेक भाषांचा कन्सोल त्यांना मिळाला आणि आपण तो घ्यायचे ठरवले, तर चार्जरची काळजी करू नये. तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त दोन चपट्या पिनांसाठी एक साधा ॲडॉप्टर लागतो. मात्र निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही, त्यामुळे बाहेरून आणलेल्या यंत्राची वॉरंटी इथे मागता येत नाही. बिघाड झाला, तर तो आपल्याच खर्चाने निस्तरावा लागतो. चाळीस हजारांच्या वस्तूबाबत ही जोखीम लहान नाही, आणि म्हणूनच आपल्या यजमानांचे म्हणणे मला सहज बाजूला सारता येत नाही.

आता जुन्या स्टिककडे वळू. आपण वर्णन केलेला बिघाड ‘ड्रिफ्ट’ या नावाने जगभर परिचित आहे. स्टिकच्या पोटात कार्बनच्या पातळ पट्ट्या असतात आणि त्यांवरून धातूचे इवलेसे ब्रश फिरत असतात. वर्षानुवर्षांच्या घासण्याने पट्टी झिजते, धूळ साचते आणि स्टिक मध्यावर असतानाही यंत्राला ती कललेली वाटते. माझ्या घरच्या कन्सोलला चौथ्या वर्षी हेच झाले होते. जॉयकॉनच्या, म्हणजे कन्सोलच्या बाजूंना लागणाऱ्या सुट्या कंट्रोलरच्या, पाठीवर तीन पाकळ्यांच्या खाचेचे चार बारीक स्क्रू असतात. ते काढून झाकण पुस्तकासारखे अलगद उघडावे लागते, कारण आतल्या रिबन केबली दोन्ही भागांना जोडलेल्या असतात आणि झटका बसला तर तुटतात. बॅटरी बाजूला केली, की जुनी स्टिक निघते आणि नवी तिथे बसवता येते. मला पहिल्या वेळी पाऊण तास लागला आणि दुसऱ्या वेळी वीस मिनिटे पुरली. हात स्थिर नसेल, तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे द्यावे, कारण त्याच्या रोजच्या कामापेक्षा हे काम अवघड नाही. त्याआधी कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टिकचे कॅलिब्रेशन, म्हणजे तिचा मध्य यंत्राला नव्याने ओळखायला लावणे, एकदा करून पाहावे. क्वचित तेवढ्यानेही भागते.

हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की नव्या कन्सोलची पुष्कळशी मागणी मुळात या स्टिकपोटी जन्माला येते. खेळताना दर दोन मिनिटांनी गाडी भिंतीवर आदळू लागली, की मुलाला सारा कन्सोलच जुनाट वाटू लागतो. स्टिक बदलून द्या, तीन आठवडे जाऊ द्या आणि मग मुले काय म्हणतात ते ऐका. शिवाय ज्यांनी स्विच २ उघडून पाहिला आहे त्यांना त्याच्या जॉयकॉनमध्येही घासून झिजणाऱ्याच पद्धतीची स्टिक आढळली आहे. म्हणजे या दुखण्यापासून कायमची सुटका व्हावी म्हणून नवा घेत असाल, तर तो हेतू साधणार नाही.

नव्या यंत्रात सुधारणा नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. त्या खऱ्या आहेत आणि डोळ्यांना दिसतात. आपल्याकडच्या कन्सोलचा पडदा ६.२ इंची आणि ७२० पी स्पष्टतेचा आहे, तर नव्याचा ७.९ इंची, १०८० पी आणि सेकंदाला १२० चित्रे दाखवू शकणारा आहे. टीव्हीला जोडल्यावर तो ४के, म्हणजे त्याहूनही स्पष्ट चित्र देऊ शकतो. अंगभूत साठवण ३२ जीबीवरून २५६ जीबीवर गेली आहे. जॉयकॉन आता रुळावरून न सरकता चुंबकाने चिकटतात. जुने बहुतेक खेळ त्यावर चालतात, आणि त्यांतले काही मोफत अपडेटमुळे अधिक सुरळीत चालू लागले आहेत. दुसऱ्या बाजूला, जॉयकॉनसह जुन्याचे वजन सुमारे ४०० ग्रॅम होते, ते नव्यात सुमारे ५३५ ग्रॅम झाले आहे. दहा वर्षांच्या मुलीच्या मनगटाला तासाभराने हा फरक जाणवेल. नव्याची बॅटरी निन्टेन्डोच्याच म्हणण्यानुसार खेळाप्रमाणे २ ते ६.५ तास चालते. आपला कन्सोल २०१९च्या उत्तरार्धात आलेल्या सुधारित प्रकारातला असेल, तर त्याची बॅटरी नवी असताना ४.५ ते ९ तास चालत असे. म्हणजे हातात धरून खेळण्याच्या बाबतीत नवा कन्सोल सर्वच अंगांनी सरस आहे, असे नाही.

खर्च मात्र कन्सोलच्या खोक्यापाशी थांबत नाही. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा स्विच २साठीचा शर्यतीचा खेळ अमेरिकेत ७९.९९ डॉलरला आला, म्हणजे एका खेळाचे सात हजार रुपये. जुन्या कन्सोलमधले मायक्रोएसडी कार्ड नव्यात खेळ साठवायला चालत नाही. त्यावरचे फोटो आणि व्हिडिओ तेवढे वाचता येतात, खेळांसाठी ‘मायक्रोएसडी एक्स्प्रेस’ जातीचेच कार्ड लागते आणि ते साध्या कार्डापेक्षा बरेच महाग आहे. बाजारात मिळणाऱ्या काही खेळांच्या खोक्यांवर ‘गेम-की कार्ड’ असे छापलेले असते. अशा कार्डात खेळ नसतो, फक्त त्याची किल्ली असते. सगळा खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि खेळताना कार्डही आत ठेवावे लागते. २५६ जीबी भरायला वेळ लागत नाही. वर्षाला तीन नवे खेळ आणि साठवणीचे एक एक्स्प्रेस कार्ड एवढे धरले, तरी पहिल्या वर्षाचा खर्च साठ हजारांच्या पुढे जातो. घरात हा आकडा आधी मोकळेपणाने बोलला जावा, असे मला मनापासून वाटते. नाही तर कन्सोल येतो आणि मुले सहा महिने एकच खेळ खेळत बसतात.

म्हणून माझी विनंती अशी, की मुलांना कागद-पेन्सिल घेऊन बसवावे आणि जे खेळ जुन्यावर चालतच नाहीत, पण त्यांना खेळायचे आहेत, तेवढ्यांचीच नावे लिहायला सांगावीत. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ आणि ‘डाँकी काँग बनान्झा’ ही नावे त्या यादीत बसतात. ‘पोकेमॉन लेजंड्स झेड-ए’ बसत नाही, कारण ऑक्टोबर २०२५मध्ये आलेला तो खेळ आपल्याकडच्या स्विचवरही चालतो. ‘मेट्रॉइड प्राइम ४’चेही तसेच. मुलांना हव्याशा वाटणाऱ्या नावांपैकी निम्मी अशीच गळतील, असा माझा अंदाज आहे. शर्यतीचे वेड असेल, तर घरी ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’ आहे का ते पाहावे. स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागणारा जादा भाग धरून त्यात ९६ मार्ग आहेत. नव्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’मध्ये एकाच शर्यतीत २४ गाड्या धावतात आणि सगळे मार्ग एका मोठ्या प्रदेशात जोडलेले आहेत, हे खरेच, आणि ते खेळायला सुंदरही आहे. पण गणपतीत चार भावंडे जमून एका टीव्हीपुढे बसतात, तेव्हा त्यांना जो आनंद होतो तो जुन्या खेळातही कमी होत नाही.

यादीत तीन नावे उरली आणि घराच्या हिशेबात साठ हजार बसत असतील, तर जरूर घ्यावा. यंत्र चांगले आहे आणि ते पुष्कळ वर्षे वापरले जाईल. एक-दोनच नावे उरली, तर स्टिक बदलून वर्षभर थांबावे. आपल्या पत्रावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

घेतलाच, तर जुना विकू नये. नव्यावरचे काही खेळ ‘गेमशेअर’ने शेजारच्या जुन्या स्विचवर पाठवून दोघांना एकत्र खेळता येते, आणि दोन भावंडांच्या घरात याचे मोल फार आहे. विकायचाच असेल, तर आधी सगळी माहिती नव्या यंत्रावर हलवून घ्यावी. खेळातली प्रगती मायक्रोएसडी कार्डावर साठत नाही, ती कन्सोलच्या आतच असते. कार्ड काढून घेतले म्हणजे सारे सुरक्षित झाले, या समजुतीने पुष्कळ मुलांची चार-पाच वर्षांची मेहनत पुसली गेली आहे.

प्रश्न : मी नाशिकला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. लॅपटॉपवर स्टीम या संगणकी खेळांच्या ऑनलाइन दुकानातून मी घेतलेले ६०च्या वर खेळ आहेत. वसतिगृहात पलंगावर पडून खेळता यावे म्हणून स्विच २ घ्यावा, की स्टीमचेच खेळ चालवणारा हातातला ‘स्टीम डेक’?
— एक विद्यार्थी वाचक, नाशिक

उत्तर : तुझ्याकडे ६० खेळ आधीच असताना स्विच २ घेणे म्हणजे पुन्हा शून्यापासून सुरुवात करणे होईल, कारण त्यांतला एकही खेळ तिथे नेता येत नाही. स्टीमवर भारतासाठी रुपयांत किमती असतात आणि सेलमध्ये त्या पुष्कळ उतरतात. विद्यार्थ्याने ही सोय सोडू नये.

स्टीम डेक २०२२ साली आला आणि त्याचा ओएलईडी पडद्याचा प्रकार २०२३च्या नोव्हेंबरमध्ये. यंत्र उत्तम आहे, पण तेही भारतात अधिकृतपणे विकले जात नाही. शिवाय ते विंडोजऐवजी लिनक्सवर चालत असल्यामुळे ‘व्हॅलोरंट’सारखे कडक अँटी-चीट (लबाडी रोखणारी प्रणाली) असलेले ऑनलाइन खेळ त्यावर चालत नाहीत. आसुसचा आरओजी ॲलाय हा तसाच हातातला संगणक मात्र जुलै २०२३मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना अधिकृतपणे आला. त्यात विंडोज असल्याने तुझे सगळे खेळ चालतील, पण त्या पहिल्या प्रकाराची बॅटरी जड खेळात दोन तासही टिकत नाही.

यांपैकी काही घेण्याआधी महिनाभर एक प्रयोग करावा. फोनवर ‘स्टीम लिंक’ हे मोफत ॲप घालावे, मित्राचा ब्लूटूथ कंट्रोलर मागून आणावा आणि त्याच वाय-फायवरच्या लॅपटॉपवरचे खेळ पलंगावरून खेळावेत. रात्री किती वेळा खरोखर खेळले जाते, हे वहीत लिहून ठेवावे. आठवड्यातून दोनदाही खेळणे होत नसेल, तर सत्तर हजार रुपये तुझ्या पुढच्या शिक्षणाला लागतील आणि मला ते अधिक आवडेल.

प्रश्न : ओळखीतून एक वापरलेला स्विच २ कमी किमतीत मिळतो आहे. घेण्यापूर्वी काय पाहावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बेकायदा नक्कल केलेले खेळ ज्या यंत्रावर चालवले गेले, त्या यंत्राला निन्टेन्डो आपल्या ऑनलाइन सेवांतून बाद करते. ही बंदी खात्यापुरती नसून यंत्रावर असते, म्हणून मालक बदलला तरी ती उठत नाही. अशा कन्सोलवर ऑनलाइन खेळता येत नाही आणि दुकानातून खेळ उतरवता येत नाहीत. बाहेरून पाहताना मात्र तो अगदी नव्यासारखा दिसतो. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर फोनच्या हॉटस्पॉटवर कन्सोल जोडावा, स्वतःच्या खात्याने आत शिरावे आणि ऑनलाइन दुकान उघडून एखादा मोफत डेमो प्रत्यक्ष उतरवून पाहावा. मेनू कोणत्या भाषेत आहे आणि भाषा बदलता येते का, हेही त्याच वेळी तपासावे. जपानी प्रकाराविषयी वर लिहिलेच आहे. मग सेटिंगमधल्या स्टिकच्या चाचणीत दोन्ही स्टिक सोडून द्याव्यात आणि पडद्यावरचा ठिपका मध्यावर स्थिर राहतो का, ते मिनिटभर पाहावे. विक्रेता इंटरनेटला जोडू द्यायला का-कू करू लागला, तर ओळख कितीही जवळची असली तरी तो कन्सोल घेऊ नये.