अंतरा इंजेक्शन, वाढलेलं वजन आणि बंद पडलेलं चालणं

अंतराची, म्हणजे मूल राहू नये म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायची, दोन इंजेक्शनं झाली, वजन ५४ चं ५७ किलो झालं, तिसरं याच आठवड्यात आहे, सासूबाई म्हणतात पाळी येत नाही म्हणून खराब रक्त आत साठून अंग सुटलंय, तर जिम लावू का इंजेक्शनच बंद करू, असं विचारलंयस ना. आधी सासूबाईंचं घेते. आत काही साठत नाही गं, या औषधाने गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं, मग बाहेर पडायला काही नसतंच.

मी धाकटीच्या वेळेनंतर दोन वर्षं अंतरा घेतलं, सरकारी दवाखान्यात, फुकट. पहिल्या वर्षी चार किलो वाढले. भूक खरंच वाढते, लेकीच्या डब्यातली उरलेली पोळी, चारच्या चहाला दोनाची पाच बिस्किटं, हे कळतही नाही. पण माझं खरं गणित वेगळंच निघालं. पहिले तीन-चार महिने मला रोज थोडं थोडं डाग पडायचं, कपड्याला लागेल या धास्तीने मी सकाळचं चालणं सोडलं, पाणी आणायलासुद्धा नवऱ्याला पाठवायचे, आणि नंतर डाग थांबले तरी चालणं काही परत सुरू झालं नाही! तुझंही असं काही झालंय का बघ.

तरी सगळं खापर स्वतःवर फोडू नकोस. सगळ्यांचं वजन वाढतं असं नाही, पण ज्यांचं पहिल्या सहा महिन्यांतच ५ टक्क्यांहून जास्त वाढतं त्यांचं पुढेही वाढत राहण्याची शक्यता जास्त असते. ५४ चे ५ टक्के म्हणजे २.७ किलो, तू ३ वर आहेस. म्हणून तिसरं घ्यायच्या आधी डॉक्टरांशी बोलच, कार्ड घेऊन जा आणि वजन त्यांच्याच काट्यावर करून घे, गिरणीतल्या काट्यावरचं सांगू नकोस. इंजेक्शन बंद करायचं ठरलं तर तांबी (कॉपर-टी) आहे, आठवड्याची छाया गोळी आहे (ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा असते, त्यात हार्मोन नसतं). मी नंतर तांबीवर गेले. फक्त मधे गॅप ठेवू नकोस, "बघू पुढच्या महिन्यात" करत राहिलं की दिवस राहतात. आणि लवकर दुसरं मूल हवं असेल तर तेही सांग, कारण हे बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात.

जिमचं म्हणशील तर पैसे भरून दोन आठवड्यांत सोडण्यापेक्षा रोज अर्धा तास झपाझप चाल, जिने चढ, घरात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचल. याने इंजेक्शनची भूक जाणार नाही हे आधीच सांगते, वजन उतरेलच अशी गॅरंटी मी देणार नाही, पण या इंजेक्शनने हाडांची घनता थोडी कमी होते (बंद केल्यावर बरीचशी भरून येते) आणि हाडांना असा भार पडणाराच व्यायाम लागतो. नाचणीची भाकरी खा, दूध घे. डागांची भीती असेल तर पॅड लावून गडद सलवार घालून जा, मी पुढे तेच केलं.

आणि घेतलंसच तर टोचलेली जागा चोळू नकोस, शेकही देऊ नकोस. मी पहिल्या वेळी रिक्षात बसून चोळत बसले होते, औषध लवकर पसरून असर कमी दिवस टिकतो हे नंतर नर्सबाईंनी झापल्यावर कळलं.